मातीचे मावळे, टेबलावरचे सामुराई आणि गैरहजर शत्रू



मागच्या दोन व्याख्यानांत आपण अनुकृतीच्या प्रश्नावर बोललो. एखादी वस्तू दुसऱ्या वस्तूसारखी असते म्हणजे नेमकं काय, हा तो प्रश्न. आज तो आम्ही पुस्तकातून उचलून अंगणात आणणार आहोत. अंगण म्हणजे आता सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा, कारण बदलापुरात काय किंवा अंबरनाथमध्ये काय, फरशा बसवल्यापासून माती अंगणात मिळत नाही, पोत्यानं विकत आणावी लागते. त्या कोपऱ्यात दिवाळीला मुलं किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात. आमचं म्हणणं असं, की ही एक कलाकृती आहे आणि तिची समीक्षा व्हायला हवी. आजवर तिला मिळाली ती फक्त बक्षिसं.

समीक्षेला तुलना लागते. आम्ही तुलनेसाठी घेतलंय ते एक लांबचं सैन्य, जपानी सामुराईंचं. इंग्लंड-अमेरिकेत आणि इतरत्रही पुष्कळ प्रौढ माणसं इंच-सव्वा इंचाच्या बाहुल्यांचं ऐतिहासिक सैन्य वर्षानुवर्षं रंगवून तयार करतात आणि टेबलावर दुसऱ्याच्या सैन्याशी लढवतात. अशी सैन्यं मागवून रंगवणारे तरुण आपल्याकडेही आता भेटतात. त्यांत सामुराईंचं सैन्य विशेष आवडीचं. का, ते ते कसं बनतं हे पाहिलं की कळतं.

सामुराई सैन्य करायचं ठरवलं की पहिला प्रश्न बाहुलीचा नसतो, तारखेचा असतो. कोणतं साल? १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक जपानात पोचली. त्याआधीचं सैन्य मांडणार असाल तर बंदूकधारी चालणार नाहीत. दुसरा प्रश्न घराण्याचा. ताकेदा घेतलंत तर पाठीवरच्या निशाणावर चार चौकटींचं चिन्ह, तोकुगावा घेतलंत तर तीन पानांचं, सानादा घेतलंत तर सहा नाण्यांचं. ई घराण्याचं सैन्य तर डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या चिलखतात. मग तिसरा आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: सामुराई किती घ्यायचे? नवशिक्याला वाटतं, सगळेच. पुस्तकं उघडली की त्याला कळतं, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्याचा मोठा हिस्सा सामुराई नव्हतेच. ते होते आशिगारू, म्हणजे साधे पायदळी, पुष्कळदा शेतकऱ्याघरचे. लांब भाले त्यांच्या हातात, बंदुका त्यांच्याच हातात, आणि डोक्यावर साधं शंकूसारखं शिरस्त्राण. सामुराईंचं सैन्य करायला बसलेला माणूस मुख्यतः शेतकऱ्यांच्या पोरांना रंग देत बसतो. चिलखताच्या पट्ट्यांना बांधणाऱ्या दोऱ्या, त्यांचा प्रत्येक टाका ठिपक्यानं दाखवायचा. एका बाहुलीला एक संध्याकाळ सहज जाते. शंभर बाहुल्या, शंभर संध्याकाळी. एवढा वेळ एका अनाम पायदळ्याच्या सहवासात घालवल्यावर इतिहासाविषयी काहीतरी कळल्याशिवाय राहत नाही.

आता आपला किल्ला पाहू.

किल्ल्यावरचं सैन्य साच्यातून येतं. एका साच्यातून भालाईत, दुसऱ्यातून ढाल-तलवारवाला, तिसऱ्यातून तोफ. महाराज सिंहासनावर. मग वासुदेव, गवळण, शेतकरी, बैलगाडी, गुहेतला वाघ. हा वाघ बऱ्याचदा घोड्याहून मोठा असतो, आणि बुरुजावर एखादा प्लास्टिकचा आधुनिक शिपाई मशिनगन रोखून पडलेला असतो. किल्ला स्पर्धेचे परीक्षक या गोष्टींचे गुण कापतात. आम्ही कापले नसते. आमच्या मते प्रमाणाचा हा गोंधळ मुळात गोंधळ नाहीच. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतीवर पाहा, १०६० सालचं ते मंदिर. मुख्य देवता मोठी, परिवारातली माणसं लहान. उंची तिथे मापाची नसते, मानाची असते. आपल्या किल्ल्यावरही तोच नियम चालतो. महाराज मावळ्याच्या दुप्पट असतात, कारण ते महाराज आहेत. पाच वर्षांच्या मुलाला हे शिकवावं लागत नाही.

सामुराईंच्या टेबलावर हा नियम पूर्ण मोडलेला असतो. तिथे अठ्ठावीस मिलिमीटर म्हणजे सगळ्यांना अठ्ठावीस मिलिमीटर. सरदार असो की जोडे सांभाळणारा नोकर असो, उंची तीच. मग सरदार ओळखायचा कशावरून? घोडा, शिरस्त्राणावरची शिंगं, मागचं मोठं निशाण, भोवतीचे रक्षक. म्हणजे त्याच्याकडे काय आहे यावरून. तो केवढा आहे यावरून नाही. आम्हाला हा फरक फार मोठा वाटतो. एका ठिकाणी थोरवी शरीरात आहे, दुसऱ्या ठिकाणी ती व्यवस्थेत आहे. कुठलं बरोबर, हे लगेच ठरवायची घाई नको.

इथे आम्हाला आपल्या परंपरेतला एक जुना विचार मदतीला घ्यायचा आहे. आचार्य शंकुकाचा चित्रतुरगन्याय. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. हे खरं ज्ञान आहे का? नाही, कारण तिथे घोडा नाही. खोटं आहे का? तेही नाही, कारण आपण फसलेलो नाही. संशय आहे का, की घोडा असेल-नसेल? नाही. मग 'घोड्यासारखं काहीतरी' असं तरी म्हणतो का? तेही म्हणत नाही, सरळ 'घोडा' म्हणतो. खरं, खोटं, संशय आणि सादृश्य या चारांपैकी कशातच न बसणारी ती प्रतीती. शंकुकानं ती नाटकासाठी वापरली. रंगमंचावरच्या नटाला आपण 'हा राम' म्हणतो ते असंच.

किल्ल्यावरचा मातीचा घोडा बरोबर असा चित्रतुरग आहे. पण टेबलावरच्या सामुराईचा घोडा? तो तसा नाही. तिथे नियम असतो: घोडदळ एका खेपेला इतके इंच जाईल, झाडीत त्याच्या निम्मे, आणि भाल्यांच्या रांगेवर समोरून चालून गेलं तर फाशात इतकी वजाबाकी. तिथला घोडा दिसण्यामुळे घोडा नसतो, चालण्यामुळे असतो. रंग उडाला, पाय मोडला, उद्या त्याच्या जागी आगपेटी ठेवली तरी तो घोडाच. बुद्धिबळातला घोडा आपल्याला ओळखीचा आहे; अडीच घरं उडी मारतो तो घोडा, मग त्याला तोंड असो की नसो. शंकुकापुढे हा घोडा नव्हता असं नाही, बुद्धिबळाचा पूर्वज चतुरंग आपल्याच देशात खेळत होते. त्यानं त्याचा विचार का केला नाही हा प्रश्न आमच्या मनात नेहमी येतो. असो. मुद्दा असा, की सामुराई सैन्य एकाच वेळी दोन्ही प्रकारचा घोडा होऊ पाहतं. चित्रातलाही आणि पटावरचाही. रंगवताना तो शंकुकाचा असतो, खेळताना चतुरंगाचा. त्या छंदाची सगळी गोडी आणि सगळी ओढाताण इथेच आहे, कारण सुंदर रंगवलेली तुकडी पहिल्याच फाशाला मरते, आणि रंगवणाऱ्याला तिला स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवावं लागतं.

आणि आता आमची मुख्य तक्रार. आपल्या किल्ल्यावरच्या सैन्याला शत्रू नाही.

नीट आठवून पाहा. भालाईत आहेत, तोफा आहेत, बुरुजावर पहारा आहे, पण समोर कोण आहे? कोणी नाही. तोफांची तोंडं रांगोळीकडे असतात. फार तर प्रतापगडाचा देखावा असतो आणि त्यात अफझलखान असतो, पण तो कसा? आधीच कोसळलेला. जिवंत, उभा, जिंकू शकेल असा शत्रू दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही कधी पाहिला नाही. बाजारात साचेच नाहीत त्याचे. उल्हासनगरच्या बाजारात जगातली कुठलीही वस्तू मिळते अशी ख्याती आहे, 'यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तुम्हीही ऐकला असेल, पण मोगल शिपाई तिथेही मिळणार नाही. या शहराचा जन्म लष्कराच्या छावणीतून झाला आहे बरं का. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासित आले, १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि कॅम्प एक, कॅम्प दोन हे शब्द अजून आपल्या तोंडी आहेत. शेजारी अंबरनाथला आयुध निर्माणी. खऱ्या युद्धाच्या खुणा अशा पावलोपावली असलेल्या भागात छोट्या सैन्याला मात्र युद्ध माहीत नाही.

सामुराई करणाऱ्याला ही सोय नसते. त्याला एकतर दोन सैन्यं करावी लागतात, किंवा दुसरा कोणी दुसरं करतो. १९९० साली निघालेल्या डीबीए नावाच्या नियमावलीत प्रत्येक बाजूला बरोबर बारा तुकड्या असतात, जेमतेम तासाभराचा डाव. त्यामुळे बरेच जण जोडी करूनच सैन्य रंगवतात. नागाशिनोची १५७५ ची लढाई मांडायची तर ओदा नोबुनागाचे बंदूकवाले हवेतच, पण ताकेदांचं घोडदळही हवं, आणि ते तितक्याच मायेनं रंगवलेलं हवं. कुरोसावाचा 'कागेमुशा' ज्यांनी पाहिला असेल त्यांना या लढाईचा शेवट आठवेल. आता या लढाईविषयी एक वाद आहे. नोबुनागाकडे तीन हजार बंदुका होत्या, हे प्रसिद्ध विधान. पण अभ्यासकांना तो आकडा फुगवलेला वाटतो, आणि पाळीपाळीनं बार काढण्याची कथाही त्यांना संशयास्पद वाटते. टेबलावर हे करून पाहता येतं. आज तीन तुकड्या बंदुकांच्या ठेवा, उद्या एक. कुंपण ठेवा, कुंपण काढा. सिद्ध काहीच होत नाही, हे उघड आहे. पण 'असं झालं' या वाक्याच्या पोटात 'तसं होऊ शकलं असतं' हे वाक्य असतं, हे हाताला कळतं. आम्ही चाळीसेक वर्षं विद्यार्थ्यांना संभाव्यता आणि अनिवार्यता यांतला भेद शिकवला. दोन फासे हातात दिले असते तर काम लवकर झालं असतं.

इथे श्रोत्यांतून नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, सर, जपान्यांचा तो खेळ आहे, आमची ती भक्ती आहे. दोन्हींची तुलना कशाला?

या आक्षेपात एक चूक दडलेली आहे. सामुराईंना टेबलावर लढवणं हा मुळात जपान्यांचा प्रकार नाही. छोट्या सैन्याच्या खेळाची ही वाट प्रशियातून निघते. राइसविट्झचा युद्धपट तिथल्या सैन्यानं १८२४ मध्ये स्वीकारला. त्यात बाहुल्या नव्हत्या, नकाशावर ठोकळे होते आणि मधे एक पंच. याच विद्येचा जाणकार मेजर मेकेल १८८५ साली जपानी लष्कराला शिकवायला गेला. बाहुल्यांची वाट वेगळी. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपानं छापले, तिथून ती पुढे रुळली. जपानी घरात काय होतं? पाच मे रोजी मुलांच्या सणाला छोटं चिलखत, छोटं शिरस्त्राण, योद्ध्यांच्या बाहुल्या मांडतात. मांडतात, आणि बघतात. मुलगा शूर व्हावा, सुखरूप वाढावा म्हणून. त्या मांडणीतही शत्रू नसतो. म्हणजे जपानी घर आणि आपलं घर एकाच रांगेत बसलेलं आहे. दोघांनीही छोट्या योद्ध्याला देव्हाऱ्याशेजारी जागा दिली. वेगळा आहे तो खेळणारा, मग तो कुठल्याही देशाचा असो. भक्ती आणि खेळ हा भेद देशांचा नाही, तो मांडण्याच्या दोन रीतींचा आहे, आणि एकाच घरात दोन्ही नांदू शकतात.

भक्तीच्या रीतीत आम्हाला काहीही गैर वाटत नाही. गैर वाटतं ते इतकंच, की मुलाच्या हाती इतिहासाची तेवढी एकच रीत राहते. मग पानिपत कसं मांडणार? 'पानिपत झालं' हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार आहे, १४ जानेवारी १७६१ आपल्या बोलण्यात अजून दुखते, त्र्यंबक शंकर शेजवलकर स्वतः त्या रणभूमीवर फिरून आले आणि त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. पण दिवाळीच्या मातीत पानिपताला जागा नाही. पुरंदरचा तह कसा मांडणार? १६६५ मध्ये महाराजांनी तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले. दिलेल्यांत आपल्या ठाणे जिल्ह्यातला माहुलीही होता. किल्ला देणं, आणि पुढे तो परत घेणं, यातलं राजकारण आम्हाला राज्याभिषेकाच्या देखाव्याइतकंच थोर वाटतं. पण ज्या सैन्यासमोर कोणीच उभं नाही, त्याला माघार कशी दाखवता येईल?

आणि घोडे! बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडलं असं गावात सांगतात. व्युत्पत्ती खरी असेल नसेल, पण तिच्यात युद्धाची समज आहे: घोडा दमतो, तो बदलावा लागतो, त्यासाठी वाटेत गाव लागतं, दाणा-वैरण लागते. आमच्या किल्ल्यावर घोडा फक्त महाराजांना असतो, आणि तो कधी दमत नाही.

एवढं बोलल्यावर आता सामुराईवाल्यांची उणीव सांगितली पाहिजे, नाहीतर समीक्षा एकांगी होईल. त्यांच्या टेबलाला डोंगर नसतो. म्हणजे असतो, थर्मोकोलची एक टेकडी, दोन झाडांची राई, एक निळा पट्टा नदी म्हणून. सैन्य आधी, जमीन मागाहून. आणि जमीन बऱ्याचदा फासा टाकून ठरवतात. सपाट मैदानावर समोरासमोर उभ्या सैन्यांसाठी हे चालतं. आपला मुलगा मात्र आधी डोंगर करतो. दगड रचतो, त्यावर गोणपाट चिखलात बुडवून टाकतो, माची काढतो, पायऱ्या काढतो, अळीव पेरतो. तीन दिवसांनी हिरवं रान उगवतं. आणि मग, सगळ्यात शेवटी, मावळे. ही क्रमवारी बरोबर आहे! महाराजांचं युद्ध जमिनीचं युद्ध होतं. घाट, खिंड, पाणी, पाऊस यांच्याशिवाय त्यातला एकही डाव समजत नाही. मलंगगडाकडे रोज खिडकीतून पाहणाऱ्या मुलाला हे आपोआप ठाऊक असतं. हजार फासे टाकूनही ते टेबलावर येत नाही. आपल्याकडे रणभूमी आहे, लढाई नाही. त्यांच्याकडे लढाई आहे, रणभूमी बेताची.

मग दोन्ही एकत्र आणून पाहायला काय हरकत आहे? आम्ही एक लढाई सुचवतो. उंबरखिंड, फेब्रुवारी १६६१. बदलापूरहून खोपोलीची गाडी धरा. खोपोलीहून पालीच्या बाजूला चावणी गावाजवळ ही जागा आहे, स्मारकही आहे. शाइस्ताखानानं कारतलबखानाला कोकणात पाठवलं. मोठं सैन्य, जड सामान, घाटाखालची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना रान. रानात महाराजांचे लोक आधीच दबा धरून बसलेले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त हे प्रकरण आहे. कोंडलेलं सैन्य, पाणी नाही, पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. शेवटी खानानं शरणागती पत्करली, सामानसुमान टाकून दिलं आणि वाट मागितली. महाराजांनी ती दिली. कत्तल झाली नाही.

खेळ म्हणून हे किती कठीण आहे पाहा. एका बाजूचं सैन्य दिसतच नाही, तेव्हा प्रशियासारखा पंच हवा, आणि लपलेले मावळे त्याच्या वहीत. जिंकणं म्हणजे मारणं नाही, समोरच्याला शरण यायला लावणं. तेव्हा बाहुल्या मोजून निकाल लागणार नाही, तहान मोजावी लागेल. आणि खानाची बाजू खेळणाऱ्या मुलाला खरोखर सुटायची संधी हवी. त्यानं आधी टेहळणी केली तर? त्यानं दुसरी वाट घेतली तर? पटावर महाराजांचा डाव फसू शकतो. काही लोकांना हे ऐकून राग येईल. त्यांना आम्ही एवढंच विचारू, निकाल आधीच ठरलेला असेल तर जागा निवडण्यात शहाणपण कसलं? खिंड निवडली म्हणून आपण महाराजांना मानतो ना? मग मैदानात लढले असते तर काय झालं असतं, हे मुलानं एकदा करून पाहू द्या. त्याला खिंडीची किंमत कळेल.

राहता राहिला साच्यांचा प्रश्न. मोगल शिपाई मिळत नाहीत हे मघाशी सांगितलं. ते मावळ्यांवरूनच करता येतील, पगडी बदलून, अंगरख्याला मातीचा हात फिरवून. खरी अडचण रायबागनची आहे. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही बाई मोगलांच्या बाजूनं त्या खिंडीत होती, घोड्यावर, हत्यारासह. शरण जाण्याचा सल्ला खानाला तिनंच दिला असं सांगतात. पटावर ती हवीच. तिच्याशिवाय तह कोण सुचवणार? आणि आपल्या बाजारात बाईचा साचा एकच, डोक्यावर घडा घेतलेली गवळण. घडा ओल्या मातीत असतानाच काढून टाकता येतो. हाताचं काय करायचं, ते मात्र आम्ही अजून शोधतोय. कुंभारकाम जाणणारं कोणी श्रोत्यांत असेल तर व्याख्यानानंतर थांबावं. बाकीच्यांचे प्रश्न आता घेऊ.